काठी थांबली तेव्हा

मंगळवार, १२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. घरी सगळं ठीक. बाबांचा खोकला कमी आहे. नळाची चकती मी बदलली, आई म्हणाली, "चला, पदवीचा एवढा तरी उपयोग झाला!"

मार लागला का, असं तू फोनवर तीनदा विचारलंस. नाही लागला. साधा ओरखडासुद्धा नाही. आई सगळ्यांना सांगत सुटली आहे, "पोरीचं नशीब बलवत्तर." मला मात्र टोमणा, "रस्त्यावरच बसायचं होतं, तर एवढं शिकलीस कशाला?" आम्ही हंगामी शिक्षक नोकरीत कायम करा म्हणायला बसलो होतो, हे तिच्या गळी उतरत नाही.

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. परवा मी त्यांची वेणी घालून दिली.

चौकशी समितीने मला विचारलं, "मारणाऱ्याला ओळखाल?" मी म्हटलं, "हेल्मेट होतं. छातीवरच्या नंबरवर पट्टी चिकटवलेली होती." दोन्ही खरं. बाई शेजारीच होत्या. प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन.

दादा, पोलीस खात्याच्या परीक्षेआधी तुझी उजळणी मीच घ्यायचे. "काठी कुठे मारायची?" "कमरेखाली." "आणि बसलेल्याला?" "बसलेल्याला नाही गं बाई, किती वेळा विचारशील!"

आम्ही बसलेलो होतो.

त्या अख्ख्या रांगेत डाव्या हातात काठी एकाच्याच होती. ती माझ्यावर उगारली होतीस. मी वर पाहिलं आणि ती थांबली. मग शेजारी बाईंवर पडली.

तुला थांबता येत होतं. तेच मला बसू देत नाही, उठू देत नाही. बाई तुझ्या कोणी नव्हत्या, इतकंच.

आमच्या मागून दगड आले, तेही मी पाहिलं. तेही सांगेन. तुम्ही सकाळपासून उन्हात उपाशी उभे होतात, तेसुद्धा.

पुढच्या सोमवारी अकरा वाजता मी जबाब बदलायला जाणार आहे. तुझं नाव सांगणार आहे. तुझी नोकरी जाऊ शकते, मला कळतं. त्याआधी तू स्वतः आलास, तर मी बाहेरच्या बाकावर बसेन आणि तू सगळं सांगून येईपर्यंत हलणार नाही. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी पाघळते, म्हणून लिहिलं. दोनदा फाडलं. आता पोस्टात टाकतेच.

आईला अजून काही बोललेले नाही. आधी तुला सांगितलं.

तुझीच,
धाकटी