डाव्या मुठीतले फुटाणे

क्लेमेंटी, सिंगापूर
रविवार, ८ मार्च

आदरणीय हिराआत्या,

सविनय जय भीम. तुझे गुडघे आणि मामाजींचा खोकला कसा आहे, ते आधी कळव. मी खुशाल आहे (झोप लागत नाही आणि जेवण जात नाही, एवढं सोडून).

पत्राच्या सुरुवातीलाच एक दुरुस्ती करते. आमच्या प्रयोगशाळेतल्या एमआरआय मशीनमध्ये मी पाऊण तास दगडासारखी पडून होते, असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते खरं नाही. मी चार वेळा हलले, आणि चारही वेळा दोष तुझ्या शिकवणीचा होता. बोटं हलवताना मेंदूचा कोणता भाग कामाला लागतो, हे आम्ही तपासतो. त्यासाठी चोवीस उजखुरी माणसं हवी होती. एक जण आयत्या वेळी आला नाही, म्हणून प्रोफेसर वोंग म्हणाले, रुपाली, तूच आत जा. नियम एकच, डोकं हलवायचं नाही. पण मशीन चालवणाऱ्या मिस टान (तुझ्याच वयाच्या असतील) स्पीकरवरून विचारायच्या, "ओके ऑर नॉट?" मोठ्यांनी विचारलं की आपली मान आधी डोलते आणि तोंड मागून उघडतं. त्यातून मोठ्यांशी आडवं पडून बोलायचं नाही हेही तूच शिकवलंस, म्हणून तिसऱ्या वेळी मी थोडी उठायलाही गेले. मिस टान ओरडल्या (इथे वाक्याच्या शेवटी 'ला' जोडतात), "डोन्ट नॉड, ला! युअर ब्रेन बिकम सूप!" म्हणजे फोटो हलतो, असं त्यांना म्हणायचं होतं. हे मला नंतर कळलं. मधली दहा मिनिटं मी सूप होण्याच्या भीतीत काढली.

तेवढंच असतं तर हे पत्र लिहिलंच नसतं. उजव्या हाताची बोटं हलवा म्हटल्यावर मी ती हलवली, पण माझी डावी मूठ आपोआप घट्ट मिटली. मिस टान म्हणाल्या, "लेफ्ट हँड रिलॅक्स! यू होल्डिंग व्हॉट?" हातात काहीच नव्हतं. मी मूठ सोडली, ती परत मिटली. आता थोडं शास्त्र सांगते, कंटाळू नकोस. मेंदूतून हातापायांकडे निघालेले बहुतेक चेतातंतू मान सुरू होण्याच्या जरा वर एकमेकांना ओलांडून पलीकडे जातात, म्हणून उजव्या हाताचा कारभार डाव्या मेंदूकडे आणि डाव्या हाताचा उजव्याकडे असतो. माझा फोटो आला तेव्हा डावी बाजू उजळली होती, ते बरोबरच. पण उजवी बाजूही भलतीच उजळली होती. लग्न शेजाऱ्यांकडे आणि मांडव आपल्या दारात, तसं. प्रोफेसर "इंटरेस्टिंग" म्हणाले आणि जेवायला गेले.

मी मात्र तिथेच बसून राहिले, कारण मला फुटाणे आठवले. तिसरीपर्यंत माझी शाळा म्हणजे तुझं स्वयंपाकघर. पाटी पुढे ठेवलीस की तू माझ्या डाव्या मुठीत फुटाणे द्यायचीस. उजव्या हाताने पान पुरं होईपर्यंत मूठ उघडायची नाही, मग खायचे. "याने लक्ष लागते," असं तू सांगायचीस. सगळी मुलं अशीच शिकतात, असं मला कालपरवापर्यंत वाटत होतं. कॉलेजात परीक्षेला शेजारणीची डावी मूठ उघडी बघून मला तिची काळजी वाटायची. आत्या, मी डावखुरी होते का गं?

मशीनमध्ये जाण्याआधीचा फॉर्म मीच भरला होता. लिहिता कोणत्या हाताने, जेवता कोणत्या हाताने: सगळीकडे उजवा. (दात घासण्याच्या प्रश्नावर पाच मिनिटं विचार केला होता.) त्यात एकही शब्द खोटा नाही, पण मी जन्माची डावखुरी असेन तर सगळा फॉर्मच खोटा ठरतो. आमचा शोधनिबंध बुधवारी, अठरा तारखेला छापायला जाणार आहे. मी सांगितलं तर चोवीसचे तेवीस होतील, निबंध लांबेल, आणि माझी नोकरी पुढे चालू ठेवायची की नाही हे प्रोफेसर याच महिन्यात ठरवणार आहेत. नाही सांगितलं तर माझा मेंदू जगभर उजखुरा म्हणून छापला जाईल. माझ्यासोबत राहणारी मधुरा म्हणते, "एका मुठीसाठी एवढं रडतेस? तुझ्या मेंदूला विचारतंय कोण!" पण तेच तर आहे, आत्या. आमच्याकडे फक्त मेंदूलाच विचारतात.

मामाजींना सविनय जय भीम.

तुझी,
रुपाली

ता. क. : मी रागावलेले नाही. पण उत्तरात दोन ओळी लिहून खाली सही कर: मूल डावखुरे होते की नाही, आणि हात कितव्या वर्षी बदलला. "आपल्या घरात डावखुरे कोणी नाही" हे उत्तर चालणार नाही. कागदाचा फोटो मामाजींच्या फोनवरून पाठव.

ता. क. २ : मी मुळात उजखुरीच असेन तर तेही निःसंकोच कळव. मी डावखुऱ्यांची कात्री विकत घेतली आहे आणि तिने काहीही कापता येत नाही, हे तुझ्यावर दडपण म्हणून सांगत नाही.

ता. क. ३ : बाबांना सांगू नकोस. ते जहाजावरून फोन करून प्रोफेसरांची माफी मागतील.

ता. क. ४ : तुझं उत्तर आलं तर ते घेऊन, नाही आलं तर तशीच, मी प्रोफेसरांच्या खोलीत जाणार आहे. वेळ मागून ठेवली आहे: मंगळवार, १७ मार्च, सकाळी सव्वानऊ.