नागपूरचं भांडण

माय, काल मी तुझी चुगली केली. एक मुलगी घरी आली होती, कॉलेजात शिकवते म्हणे, जुन्या काळच्या खेळाडू बायकांवर काहीतरी लिहून राहिली आहे. चहा झाला, फोटो झाले, मग तिनं विचारलं, "मॅडम, एवढ्या वर्षांत खंत कशाची वाटते?" मी जराही न थांबता सांगून टाकलं, "माझ्या आईनं मला नागपूरला जाऊ दिलं नाही." पोरीचा चेहरा असा काही हळवा झाला की विचारू नको. आता ते छापून येईल आणि चार लोक तुला नावं ठेवतील. म्हटलं, त्याआधी तुझ्या कानावर घालावं. तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे, पण माझं बोलणंही तू अर्धं ऐकायचीस आणि अर्धं सोडून द्यायचीस, तेव्हा फार फरक पडेल असं वाटत नाही.

सारवणाचं सांगितलं तेव्हा ती हसली. तिला वाटलं, म्हातारी गंमत करते आहे. टेनिसचं कोर्ट शेणानं सारवायचे हे आता कोणाला खरं वाटत नाही. अमरावतीच्या कॅम्पातला तो साहेब लोकांचा क्लब, खाली मुरूम, त्यावर पिवळी माती, त्यावर रोलर आणि सगळ्यांवर तुझा हात. बाबा बडनेऱ्याला रेल्वेत गँगमन होते. ते गेले आणि तुला या कामावर घेतलं. ऊन तापायच्या आत तू आणि आणखी दोघी उकिडव्या बसून, ओळीनं मागे मागे सरकत सारवत जाता. मी शाळेला जायच्या आधी तुला काहीतरी विचारायला धावत येते आणि ओल्या सारवणात माझी पावलं उमटतात. "अवं पोट्टी, डोये घरी ठेवून आली काय? साहेबाचा बॉल तुह्या पायाच्या खड्ड्यात पडला त मले काढतीन ना कामावरून!" आणि त्याच शेणाच्या हातानं पाठीत धपाटा. दिवसभर शाळेत माझ्या झंपरवर तुझा पंजा होता. पोरी हसल्या तेव्हा मी रडले, पण घरी येऊन तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू दुसरा पंजा दिला असतास.

खेळ मला शिकवला मार्कर चाचांनी. मार्कर म्हणजे क्लबचा पगारी खेळाडू. साहेबाला जोडीदार मिळाला नाही की याने त्याच्याशी खेळायचं, नवख्यांना शिकवायचं, रॅकेटची तात तुटली की नवी ओढायची. चाचा शिकवताना एकच सांगत, "बेटा, मारना नहीं, देना. बॉल ऐसा दो के साहब को लगे, क्या खेला मैं!" चाचांच्या हाताखाली मी तेच शिकले. पुढे साहेबांच्या बायकांना खेळायची हौस आली, आणि पदर सांभाळत चाचांसमोर धावायचा त्यांना संकोच वाटायला लागला, तेव्हा चाचांनी मला पुढे केलं. क्लबानं टाकून दिलेल्या पांढऱ्या टेबलक्लॉथची सलवार तू मला शिवून दिली होतीस. गुडघ्यावर कुण्या साहेबाच्या रश्श्याचा डाग होता, तो कितीदा धुतला तरी गेला नाही. त्या सलवारीत मी अमरावतीतल्या सगळ्या साहेबिणींना धाववलं.

मॅट्रिकच्या वर्षी दोन गोष्टी एकदमच आल्या. जजसाहेबांच्या बाईंनी ठरवलं की मला नागपूरला मुलींच्या स्पर्धेला न्यायचं. आणि अकोल्याच्या क्लबातून निरोप आला की तिथल्या बायकांना शिकवायला मुलगी हवी, महिन्याचा पगार आणि क्लबामागे राहायला खोली. मी म्हटलं, दोन्ही करते! तेव्हा जजीणबाईंनी नियम सांगितला. पगार घेऊन खेळलं की खेळाडू व्यावसायिक होतो, आणि व्यावसायिकाला स्पर्धेत उभं राहता येत नाही. एकदा पगार घेतला की दार बंद. त्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसलेल्या, आणि तू पायरीखाली उभी, कोपरापर्यंत शेण. "म्हंजे फुकट खेळली त मोठी, अन् पगार घेतला त लहान?" तू विचारलंस. "हा कोनता कायदा हाय बाप्पा? तुमचे साहेब काय फुकट न्याय देतात?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण जजीणबाई मनापासून हसल्या. भली बाई होती, माय, हे मी आजही सांगते. खुर्चीतून उठून त्या पायरीपर्यंत आल्या. "हे बघ बाई, नोकरी दोन वर्षांनीही मिळेल. हे वय परत यायचं नाही. हिचा सगळा खर्च माझ्याकडे." तू मान हलवलीस आणि म्हणालीस, "इचार करून सांगते."

विचार कसला, तू वाटेतच ठरवून टाकलं होतंस. चुलीत कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या तडतडतायत, तू भाकर थापते आहेस आणि मी चुलीपुढे थयथयाट करते आहे. "मले जिंकाचं हाय! मले चाचासारखं जलमभर लोकायले बॉल देत नाही बसाचं!" तू भाकर उलटवलीस. "त्या बाईच्या पैशानं जाशीन त तुले हराची सोय नाही राहात. हरली त कोणत्या तोंडानं येशीन तिच्यापुढं? पगारानं खेळशीन त हरली तरी पगार तुहाच." मी म्हटलं, पण पगार घेतला की खेळूच देत नाहीत ना! "मंग नको खेळू थे. दुसरं खेय." दुसरं म्हणजे काय? "मले काय मालूम? म्या कदी धरली काय थे जाळी हातात? भाकर खाय." मी भाकर खाल्ली नाही. तू घाबरली होतीस, माय. नवरा गेलेला, उद्या आपलं काही झालं तर या पोरीला कोण, ही भीती तुला होती आणि ती तू रागानं झाकत होतीस. तेव्हा मला ते कळलं नाही, आणि कळलं असतं तरी मी ऐकलं नसतं. दुसऱ्या दिवशी तू जजीणबाईंना नाही सांगून आलीस, आणि आठवड्याभरात मी अकोल्याच्या गाडीत होते.

निघताना तू पितळेचा गडवा दिलास. "पाणी कोणाले मांगू नको. आपलं आपल्यापाशी." आपल्या घरात बुद्धाची तसबीर लागून थोडी वर्षं झाली होती, पण क्लबच्या माठाला ते अजून कोणी कळवलं नव्हतं. अकोल्याचं ऊन तुला सांगायला नको. सकाळीच कोर्ट तव्यासारखं तापायचं, म्हणून आम्ही उजाडतानाच सुरू करायचो. डॉक्टरीणबाई, वकिलीणबाई, जिनिंगवाल्या शेठजींची सून, कोणी काष्टा मारून, कोणी पदर खोचून. मी आल्या आल्याच सांगून टाकलं, कोर्टात मला "ए मार्कर" अशी हाक मारायची नाही, "बाई" म्हणायचं. आणि म्हणू लागल्या! एकदा डॉक्टरीणबाई खेळून इतक्या दमल्या की त्यांनी सरळ माझाच गडवा उचलून तोंडाला लावला. बाकीच्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "उष्टा केलात, आता घासून द्या." त्यांनी नळावर बसून राखेनं लख्ख घासून दिला. मी चांगली मार्कर होते, माय. नुसती चांगली नाही, फार चांगली. ज्या बाईला रस्ता ओलांडताना धाप लागायची ती माझ्या हाताखाली तीन सेट खेळायची. रॅकेटच्या जिवावर स्वतःचं पोट भरणारी, स्वतःचं लुगडं घेणारी दुसरी बाई तेव्हा वऱ्हाडात असेल तर मला दाखव.

आणि तरीही सुट्टी मिळाली की पॅसेंजर पकडायची, मूर्तिजापूरला शेंगा घ्यायच्या, बडनेऱ्याला उतरून अमरावतीला घरी यायचं आणि दारात चप्पल काढायच्या आधी भांडण काढायचं. "तू मले नागपूरले जाऊ देलं नाही." "आली व, नागपूरवाली आली." शेजारची मावशी कुडापलीकडून विचारायची, "लागलं काय व नागपूर?" भाजी निवडता निवडता भांडण, जेवताना भांडण, तुझ्या डोक्याला तेल लावताना भांडण. आपलं दुसरं बोलणं होतं तरी कुठलं? तू मायेचं बोलणारी बाई नव्हतीस, मीही नाही. तब्येत कशी आहे विचारलं तर तू म्हणायचीस, "काहून, मरून राहिली काय मी?" पण नागपूर काढलं की तुझे डोळे चमकायचे, हे मी पाहिलं आहे. मग एका उन्हाळ्यात तुला ताप आला आणि मी पोचायच्या आत तू गेलीस. भांडण तसंच अर्ध्यावर राहिलं. शेवटचं वाक्य कोणाचं होतं ते आठवत नाही, तुझंच असणार.

त्यानंतर काही वर्षांनी नियम बदलला. जगभरच बदलला, पगारी आणि बिनपगारी एकत्र खेळायला लागले, आणि नागपूरच्या एका स्पर्धेवाल्यांनीही कळवलं की व्यावसायिकांना घेऊ. मी लगेच नाव दिलं. सोबत डॉक्टरीणबाई आल्या, दशम्यांचा डबा घेऊन. पहिल्याच फेरीत समोर कॉलेजातली पोरगी, आदल्या वर्षी स्पर्धा जिंकलेली. पहिला सेट मी हरले, आणि कसा हरले ते ऐक. मी तिला बॉल देत होते! नेमका तिच्या रॅकेटवर, कमरेच्या उंचीवर, अगदी गोड. इतकी वर्षं हाताला एकच वळण, त्याला दुसरं काही येईचना. तिनं फटका मारला की लोक टाळ्या वाजवायचे आणि मीही मनात म्हणायचे, वा पोरी, छान! शेवटी डॉक्टरीणबाई खुर्चीवरून उठून ओरडल्या, "अहो बाई, तिची फी घेतलीत का तुम्ही?" सगळे हसले. मलाही असं काही हसू फुटलं की पोट धरून खाली बसले. आणि त्या हसण्यात हात मोकळा झाला. ती उजवीकडे असली की बॉल डावीकडे, ती मागे असली की बॉल जाळीपाशी. एवढं सोपं असतं ते, दुसऱ्याला द्यायचं नाही असं ठरवलं की!

मी जिंकले, माय. नागपूरला जिंकले. आणि जाळीपाशी जाऊन जरा थांबले, की ज्याच्यासाठी एवढी वर्षं तुझ्याशी भांडले ते काहीतरी आता उरात दाटून येईल. आनंद झाला, खोटं कशाला बोलू, भरपूर झाला. पण तो ओळखीचाच निघाला. वकिलीणबाईंची पहिली सर्व्हिस जाळीपलीकडे पडली तेव्हा झाला होता तोच, त्याहून तसूभर मोठा नाही. तेवढ्यात ती पोरगी हात मिळवायला आली, डोळे भरलेले. तिचा हात हातात घेतला आणि मी काय करावं? तिचं मनगट वळवलं. "डावीकडच्या बॉलला तू रॅकेट उशिरा मागे नेतेस. हे बघ, असं." ती नाक पुसत म्हणाली, "पुन्हा एकदा दाखवता?" अंपायरनं हाकलेपर्यंत आम्ही तिथंच उभ्या होतो. दुसऱ्या दिवशी मी पुढच्या फेरीत सपाटून हरले, आणि दुपारच्या गाडीनं निघाले, कारण दुसऱ्या सकाळी अकोल्याच्या कोर्टावर बायका येणार होत्या.

वर्धा मागे पडलं आणि लक्षात आलं की भांडण संपलं आहे. तू बरोबर होतीस असं नाही. टेनिसातलं तुला ओ की ठो कळत नव्हतं, आणि जजीणबाईही काही चुकीचं सांगत नव्हत्या. पण माझं काही हुकलं नव्हतं. ज्याला मी जन्मभर शिक्षा म्हणत होते ते मला मनापासून आवडत होतं, आणि ते सांगायला बडनेऱ्याला उतरावं तर घरी तू नव्हतीस. गाडी तिथं थांबली, चहावाले ओरडून गेले, मी खिडकीशी बसून राहिले. डॉक्टरीणबाईंना वाटलं, हरले म्हणून रडते आहे.

तेव्हापासून कोणीही विचारलं की मी तेच सांगते, आईनं नागपूरला जाऊ दिलं नाही. हे पत्र मी कुठे टाकणार नाही, आणि त्या मुलीला फोन करून दुरुस्तीही सांगणार नाही. छापू दे तिला. खरं एवढंच आहे की तुझा राग मला कधीचाच येत नाही. पण ते मी तुलाही आजवर कळू दिलं नाही, कारण भांडण मिटलं असतं तर तुझ्याशी बोलायला माझ्याकडे दुसरं काही उरलं नसतं.