आकडा जुळेपर्यंत

४ जून
सामान आलं: दोन गाद्या, शेगडी, डब्यांचं पोतं, देवांची पेटी. टेम्पोला नऊशे, हमालीला दीडशे. घासाघीस केली असती तर पन्नास वाचले असते. ह्यांना तपासणी केंद्रात रखवालदारी मिळाली, तिच्यासोबत मागच्या दोन खोल्या. उजेड भरपूर. देव पूर्वेला मांडले, दादाला पोचल्याचं पत्र टाकलं. मलाही काम आहे: एमआरआय मशीनमध्ये निपचित पडून राहायचं. हे म्हणाले, लग्न झाल्यापासून तुला एवढंच हवं होतं.

७ जून
मशीनवाल्या बाईंनी समजावलं. यकृताच्या आतलं पाणी किती मोकळं हलतं, त्याचा आकडा मशीन काढतं. माणूस तोच, तर आकडाही दर वेळी तोच यायला हवा. पण पोट सतत हलतं, म्हणून तो चुकतो. जेली भरलेली एक बरणी आहे, तिचा कधीच चुकत नाही. बाई कौतुकाने तिला शहाणी म्हणतात. कानाला लावलेल्या यंत्रातून सूचना येते: घ्या, सोडा, थांबा. जपामुळे माझा श्वास एका लयीत चालतो, म्हणून मला निवडलं. देवाची कृपा.

१२ जून
आकडा पुन्हा वेगळा. बाईंनी सगळ्यांदेखत ऐकवलं, बरणीला जमतं ते हिला जमत नाही. जमत नसेल तर खोल्या हव्या असणारे पुष्कळ आहेत. घरी ह्यांनीही तेच सुनावलं. मी ताट वाढलं.

१५ जून
भाजी चिरताना श्वास सोडला आणि पुढचा आलाच नाही. सुरी हातात धरून वाट पाहत राहिले. डोळ्यांपुढे अंधारी आली. अगं घे की, म्हणून हे खेकसले. तेव्हा आला.

१८ जून
बाईंना सांगितलं. त्या खूश झाल्या. ह्यांना बोलावून ताकीद दिली, घरी तिला घे म्हणायचं नाही, लागलेली सवय मोडेल. ह्यांनी मान डोलावली. आता मीच मनात म्हणते. कधी येतो. कधी —

२१ जून
आतड्यांची हालचाल थांबवायचं इंजेक्शन दिलं. तासाभरात उतरेल म्हणाले होते. परवा दिलं, अजून उतरलं नाही. भूक नाही. पोटात गुरगुर नाही. तेवढाच शिधा वाचला, असं हे म्हणाले. हिशेबात लिहायला हात धजेना.

२४ जून
यकृताची उजवी बाजू जुळली. डावी नाही. तिच्यावर हृदय टेकलेलं असतं, ठोका पडला की ती हलते. आता तेवढंच राहिलं, असं बाई म्हणाल्या. ह्यांना हात जोडले, इथून परत चला म्हटलं. ह्यांनी दार — बाहेरून —

२५ जून
जुळला. दोन्हीकडचा. बाई पहिल्यांदाच हसल्या. माझ्याकडे नाही, पडद्याकडे बघून.
मनगट धरून बसले आहे. काही लागत नाही — दुसरं धरलं —
ह्यांनी एकच ताट घेतलं. माझी गादी गुंडाळून ठेवली. मी समोर उभी. अहो म्हटलं, दोनदा —
दादा, हे पान फाडून तुला पाठवते. मी आहे, एवढं उलट टपाली कळव, म्हणजे ह्यांना दाखव