सदतीस ओंडके, सर्व सुस्थितीत

तीर्थस्वरूप मामांस,

आधी मी 'तीर्थरूप' लिहिलं होतं, पण आमच्या ऑफिसातले काका म्हणाले की तीर्थरूप फक्त आईवडलांना, बाकी मोठ्या माणसांना तीर्थस्वरूप. म्हणून नवीन कागद घेतला. तुम्हाला माहितीच आहे, माझी सगळी शाळा इंग्लिश मीडियममध्ये गेली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ पोटात घाला. तुमचा गुडघा कसा आहे? मामी जिना चढू देते का? मामीचं बीपी, मामीची झाडं, मामीचा तुमच्यावरचा राग, सगळं नॉर्मल आहे ना? माझा मामीला नमस्कार सांगा आणि हे पत्र तिला वाचून दाखवू नका. म्हणजे दाखवा, पण ता. क.च्या आधी थांबा.

मी मजेत आहे. तुम्ही साहेबांना फोन केलात म्हणून ही नोकरी लागली, त्यामुळे कामाचं सगळं तुम्हाला कळवणं माझी ड्यूटीच आहे. तर माझी पोस्ट म्हणजे पाणलोट क्षेत्राची निरीक्षक, ट्रेनी. मामी सगळ्यांना सांगते की मी धरणावर इंजिनीयर आहे, पण तसं नाहीये. धरणाच्या तलावात ज्या ज्या डोंगरउतारांवरून पाणी येतं तो सगळा भाग म्हणजे पाणलोट क्षेत्र, आणि तिथे काय चाललंय ते बघून नोंदवहीत लिहायचं, हे माझं काम. ऑफिस म्हणजे धरणाच्या भिंतीवर एक खोली, दोन खुर्च्या (एक हलते), एक पंखा (तो हलत नाही), आणि काका. काका इथे एकोणीस वर्षं आहेत. त्यांच्या गळ्यात सतत दुर्बीण असते, जेवताना ते ती पाठीवर टाकतात. या महिन्याच्या एकतीस तारखेला ते रिटायर होतायत. एकोणीस वर्षांत त्यांच्या फाइलला एकच डाग आहे, आणि बाकी फाइल कोरी ठेवून घरी जायचं, एवढी एकच इच्छा राहिलीय असं ते रोज चहाला म्हणतात. त्यांची बायको वारली, मुलगा लांब असतो, त्यामुळे मला वाटतं त्यांना खरंच दुसरी काही इच्छा नसणार.

तो एक डाग कसा लागला ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालंय. आमच्या नोंदवहीत पाच रकाने आहेत: पाण्याची पातळी, पाऊस, माणसं, नावा आणि तरंगती लाकडं. जनावरांचा रकाना नाही. का नाही? तर पाणलोट क्षेत्रात जनावरांना सक्त मनाई आहे, मग ती येणारच नाहीत, मग रकाना कशाला? (मला हे लॉजिक आधी पटलं होतं.) काकांनी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तलावात सहा म्हशी बघितल्या आणि कडेला प्रामाणिकपणे 'म्हशी सहा' असं लिहिलं. हेड ऑफिसहून लगेच मेमो आला, मनाई असताना आत आल्याच कशा, खुलासा करा. आणि एकच खुलासा चालला नाही, प्रत्येक म्हशीचा वेगळा मागितला! काकांनी सहा खुलासे लिहिले. सहाव्या म्हशीपर्यंत त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून तिच्याबद्दल त्यांनी 'वरीलप्रमाणे' असं लिहिलं, तर त्याबद्दल आणखी एक मेमो. त्या दिवसापासून काका म्हशींना तरंगती लाकडं या रकान्यात घेतात. लांबून दिसतातही तशाच, काळी पाठ वर, बाकी पाण्यात. रोज सकाळी काका एकदा दुर्बीण लावायचे आणि लिहायचे, 'ओंडके : दोन-तीन'. एकोणीस वर्षं दोन-तीन. हेड ऑफिस खूश, काका खूश, म्हशी तर काय पाण्यातच.

मग मी आले.

मामा, मला 'दोन-तीन' बघवेना. डेटा म्हणजे डेटा ना! दोन तर दोन, तीन तर तीन. मी ठरवलं की रकाना जो असेल तो असो, आकडा मात्र खरा लिहायचा. मी मोजले, सदतीस भरले (सदतीस म्हणजे तीस आणि सात, मी काकांकडून कन्फर्म करून घेतलं). मग वाटलं, नुसता आकडा काय द्यायचा, म्हणून लांबी, जाडी आणि रंगही लिहिला. मग तीन महिने वेळेची नोंद ठेवली आणि त्याचा ग्राफ काढून हेड ऑफिसला पाठवला. ओंडके सकाळी नऊला पूर्वेकडून येतात, दुपारी मध्यभागी जमतात, साडेचारला परत जातात. वारा कुठूनही असला तरी. शेऱ्यात मी लिहायचे, 'सर्व ओंडके सुस्थितीत' किंवा 'आज एक ओंडका आला नाही' किंवा 'दोन ओंडक्यांत किरकोळ वाद'. काका चष्मा पुसत एवढंच म्हणाले, "पोरी, लाकडाकडे इतकं निरखून बघायचं नसतं गं." मला वाटलं, जुनी पिढी, डेटाचं महत्त्व कळत नाही.

गेल्या सोमवारी हेड ऑफिसच्या मोठ्या बाईंचा फोन. इतका बारकाईचा रिपोर्ट त्यांनी आयुष्यात बघितला नव्हता म्हणे. त्यांच्या कॉम्प्युटरने हिशेब केलाय की जोराचा पाऊस आला तर सदतीसच्या सदतीस ओंडके सांडव्याच्या दारांत अडकणार, आणि दारं उघडली नाहीत तर धरणाला धोका. तेव्हा येत्या सोमवारी एक क्रेन, दोन बोटी आणि बारा माणसं येणार आणि ओंडके उचलणार. बाई स्वतः येणार, कारण वाऱ्याविरुद्ध जाणारी लाकडं त्यांना डोळ्यांनी बघायची आहेत. शिवाय एकोणीस वर्षांच्या सगळ्या नोंदवह्या काढून ठेवा म्हणाल्या, त्यांना इथल्या लाकडांचा इतिहास लिहायचाय. मी म्हटलं, "मॅडम, ते ओंडके म्हणजे ॲक्च्युअली..." तर म्हणाल्या, "सागाचे आहेत, मला रंगावरूनच कळलं. शाब्बास!" आणि फोन ठेवला.

मी वळून बघितलं तर काका खुर्चीत बसले होते, हलणाऱ्या, पण हलत नव्हते. माझ्यावर चिडले असते तर बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाले, "सदतीस खुलासे लिहायला माझ्याकडे दिवस कुठे आहेत?" मामा, माझ्या तोंडचं पाणी पळालं. चौकशी लागली तर रिटायरमेंट अडकणार आणि ती माझ्या ग्राफमुळे.

मग मी कामाला लागले. पहिल्यांदा म्हशीवाल्या मावशींकडे गेले, त्या पलीकडच्या काठाला राहतात. म्हटलं, सोमवारी म्हशी सोडू नका. मावशी म्हणाल्या, "मी कुठे सोडते? त्या जातात. तूच सांगून बघ, तुझं ऐकतील, तू शिकलेली आहेस." मी खरंच सांगून बघितलं. (ऐकलं नाही.) बुधवारी ट्रायल म्हणून सगळ्या बांधून ठेवल्या. नऊ वाजले आणि सदतीस म्हशींनी एकदम असा हंबरडा फोडला की पाणी हललं. नेमके तेव्हा काका फोनवर हेड ऑफिसला पातळी सांगत होते. तिकडून विचारलं, हा कसला आवाज? काका घाबरून म्हणाले, सांडव्याचं दार कुरकुरतंय. त्यामुळे आता सोमवारी दारांचे दोन मेकॅनिकपण येतायत. नवीन ग्रीस घेऊन.

गुरुवारी मला आयडिया सुचली. बाईंना फोन केला आणि एका श्वासात सांगितलं की क्रेनची गरज नाही, ओंडके आम्हीच काढतोय आणि बाहेर पाठवतोय. बाई म्हणाल्या, व्हेरी गुड, क्रेन रद्द, पण मी येणारच, आणि ज्यांना ज्यांना ओंडके दिले त्यांच्या सहीच्या पावत्या मला समोर हव्यात, सदतीसच्या सदतीस. म्हणजे म्हशी सोमवारच्या आत खरोखर दुसरीकडे जायला हव्यात आणि त्यांच्यासाठी कुणीतरी सही करायला हवी. मावशी आधी म्हणाल्या, "माझ्या लेकरांना लाकडं म्हणता?" पण काका स्वतः तिकडे गेले आणि दुर्बीण काढून हातात घेऊन बसले. एकोणीस वर्षं ज्यांना लांबून बघितलं त्या म्हशी त्यांनी पहिल्यांदाच जवळून बघितल्या. मावशींनी एकेकीची ओळख करून दिली. काका प्रत्येकीला म्हणत होते, "हो हो, ही डावीकडून तिसरी." मग मावशी विरघळल्या. येत्या बुधवारी सगळ्या परत आणायच्या, या बोलीवर.

काकांच्या बहिणीने नऊ ठेवून घेतल्या, मावशींच्या लेकीच्या सासरी चौदा गेल्या आणि कँटीनवाल्याच्या भावाने तीन नेल्या. तिघांच्याही पावत्या आल्यात. काका त्या पावत्या दर तासाला मोजतात आणि पुन्हा घडी घालून दुर्बिणीच्या पेटीत ठेवतात.

तर असं सगळं मजेत चाललंय. तुमची आठवण आली म्हणून सहज लिहिलं, बाकी काही काम नाही. गुडघ्याला शेक घ्या.

तुमची लाडकी भाची
(लाडकी आहे ना अजून?)

ता. क. : हिशेब केलात तर सव्वीस होतात. अकरा उरल्या. मामा, तुमच्या बंगल्याला चारही बाजूंनी कंपाउंड आहे, आणि प्रश्न फक्त बुधवारपर्यंतचा आहे.

ता. क. २ : हे पत्र पोस्टाने आलं नाहीये हे तुमच्या लक्षात आलं असेल. ज्याने दिलं तो ट्रकचा ड्रायव्हर आहे. उरलेल्या अकरा एव्हाना ट्रकमधून खाली उतरल्या असतील. त्यांना नऊ वाजता पाण्यात बसायची सवय आहे, नाहीतर गेल्या बुधवारसारखं होईल. तुमच्या कॉलनीत पोहण्याचा तलाव आहे ना? तिथे जनावरांना मनाईची पाटी असली तर घाबरू नका, वॉचमनच्या वहीत काय लिहायचं ते तुम्हाला आता माहीत आहे.

ता. क. ३ : पावती ड्रायव्हरकडे आहे. गेटपासवर म्हशी लिहिता येत नाहीत (आत आल्याच नाहीत तर बाहेर कशा जातील?), म्हणून 'ओंडके, ओले, अकरा नग' असं आहे. 'मिळाले, सुस्थितीत' लिहून सही करा आणि ड्रायव्हरला लगेच परत पाठवा. काका गेटवर उभे आहेत. खाडाखोड मात्र नको, मोठ्या बाईंना चालत नाही. आणि सही करायच्या आधी एकदा मोजून घ्या, कारण मावशी म्हणतात की त्यातला एक ओंडका गाभण आहे, दिवस भरलेत. बारा झाले तर बाराच लिहा, आणि शेऱ्यात लिहा, 'एकाला वाटेत पालवी फुटली.'