अधिक महिन्यातलं इंजेक्शन

अप्पा,

पेनिसिलिन बुरशीपासूनच होतं. तुम्ही दोनदा विचारलंत, तेव्हा मी मान खाली घालून 'हो' म्हणाले होते. आज मान वर करून सांगते, हो, बुरशीपासूनच. आणि ते तुमच्या नातीच्या अंगात दर एकवीस दिवसांनी जात राहिलं, तुम्ही होतात तेव्हा आणि तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली तरीही. माझी एकादशी सुटलेली नाही, चातुर्मासात घरात कांदा-लसूण शिजत नाही. त्यामुळे ही देवाधर्माला विटली असं मनात आणू नका. देव तोच ठेवलाय. तुमचं मोजणं तेवढं सोडलं.

पोर नऊ वर्षांची होती. आधी घसा धरला, तो बरा झाला, मग पंधरवड्याने ताप. आज गुडघा सुजलेला, उद्या गुडघा उतरला की मनगट. तिचे वडील मनमाडला रेल्वेत, शनिवारी घरी येणार. डॉक्टर नाशकात द्वारकेला, म्हणून मी तिला घेऊन पंचवटीत तुमच्या दोन खोल्यांत राहायला आले. डॉक्टर म्हणाले, सांधेताप आहे, सांधे सुधारतील, पण हा उलटला तर काळजाची झडप धरतो. उलटू द्यायचा नसेल तर एकवीस दिवसांनी एक इंजेक्शन, ती मोठी होईपर्यंत. ते औषध पांढरं आणि इतकं दाट की सुईत अडकायचं. कमरेत टोचल्यावर पोर दोन दिवस लंगडायची, आणि आदल्या दिवसापासूनच तिचं जेवण तुटायचं. टांग्यात बसताना माझा पदर धरून विचारायची, "आज डॉक्टर गावाला गेले असतील का गं?"

मी पहिल्याच खेपेला डॉक्टरांना विचारलं, "यात प्राण्याचं काही नाही ना? आमच्यात चालत नाही." ते म्हणाले, "नाही हो ताई, बुरशीचं आहे. लोणच्यावर येते ना, तिच्या नात्यातली." माझं तोंड उतरलं. "म्हणजे नासलेलं?" "नासलेलं कसं? बुरशी स्वतःची जागा राखायला एक रस सोडते, त्याने आसपासचे जंतू मरतात. तो तेवढाच काढून, शुद्ध करून आम्ही देतो. तुम्ही लोण्याचं तूप करता तसं समजा. म्हणून घरची बुरशी मात्र खायला घालू नका."

तुमच्यापासून लपवायची मला सवय नव्हती, घरी आल्या आल्या सांगितलं. तुम्ही सहाणेवर गंध उगाळत होतात. हात थांबला. "बुरशी? भाकरीला येते ती?" आणि पुन्हा थोड्या वेळाने, "बुरशीच म्हणाले ना?" मग ठरलं, टोचल्यापासून तीन दिवस पोरीने देवघराला शिवायचं नाही. ती उंबऱ्याबाहेर पाट घेऊन बसायची आणि आतल्या तुमच्याकडे बघत म्हणायची, "आजोबा, मी बुरसटले का हो?" तुम्ही हसायचात. हसून हसून डोळे पुसायचात, पण उंबरा काही ओलांडू दिला नाहीत.

दोन वर्षं अशी गेली, एकही इंजेक्शन चुकलं नाही. मग अधिक श्रावण आला. मला पंचांग बघायला तुम्हीच शिकवलंत, त्यामुळे इंजेक्शनचा दिवस अधिकाच्या पहिल्या आठवड्यात पडतोय हे माझ्याच आधी लक्षात आलं. मी तुमच्याकडे पंचांग घेऊन आले. तुम्ही चष्मा लावलात आणि म्हणालात, "अधिक महिना मोजायचा नसतो. हा वरचा, देवाचा. निज श्रावण लागला की पुढे धर." मी त्या महिन्यात तुमच्या जावयाच्या वाणाचे तेहतीस अनारसे केले, रोज पोथी ऐकली, आणि द्वारकेला गेले नाही. दुसऱ्या आठवड्यात पोरीचा घसा धरला. तुम्ही हळद-दूध दिलंत, तो बरा झाला. महिना संपता संपता तिचं डावं मनगट सुजलं, आणि जिना चढून आली की ती भिंतीला टेकून उभी राहायला लागली.

डॉक्टरांनी नळी छातीला लावली, काढली, परत लावली. "मागचं कधी दिलं होतं?" एकवीसच्या जागी सेहेचाळीस दिवस झाले होते. मी म्हणाले, "मध्ये अधिक महिना होता."  ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, जंतू कुठलं पंचांग बघतात?" बाहेर बाकावर बसलेली एक बाई फिस्‌कन हसली. झडपेतून आता आवाज येत होता.

त्या दिवशी मी तुमच्यापुढे पहिल्यांदा तोंड उघडलं. अजून शब्द न् शब्द आठवतो. "अप्पा, अनारशाचे तांदूळ तीन दिवस पाण्यात आंबतात. वास येतो. नंतर पीठ मुरत ठेवतो. ते नैवेद्याला चालतं?"

"ती रीत आहे."

"आणि ही बुरशी कोणी केली? तुम्ही की मी?"

"देवाच्या गोष्टीत दवाखाना आणू नकोस."

"दवाखान्यातही देवच आहे. बुरसटलंय ते औषध नाही अप्पा, आपलं मोजणं बुरसटलंय."

तुम्ही चार दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाहीत. पाचव्या दिवशी म्हणालात, "तुझे देव वेगळे कर." मी केले. लग्नात तुम्हीच दिलेला बाळकृष्ण स्वयंपाकघरातल्या फळीवर मांडला, आणि इंजेक्शनच्याच दिवशी, लंगडत्या पोरीच्या हाताने त्याला तुळस वाहिली. तुम्ही दारातून बघत होतात. मी दार लोटलं नाही. त्यानंतर ते एकवीस दिवस कधी चुकले नाहीत. अधिक महिने आले, ग्रहणं आली, सुतक आलं. तुमचंही सुतक आलं, अप्पा. दहाव्या दिवशी सगळे घाटावर होते तेव्हा मी तिला घेऊन द्वारकेला गेले. आत्याबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "बापाच्या दहाव्याला हिंडते ही." म्हणू देत. विचाराल तर आजही जाईन.

आता ती शाळेत शिकवते. दोन मजले चढते, मधल्या वळणावर थांबते, पुन्हा चढते. परवा डॉक्टर म्हणाले, आवाज आहे पण वाढलेला नाही, इंजेक्शन अजून काही वर्षं चालू ठेवा, लग्न झालं तरी. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तो अधिक महिना नसता तर हा आवाज नसता ना?" मी नेहमीचं सांगितलं, आजोबांनी जाऊ दिलं नाही गं. इतकी वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आलेय.

हा कागद मी घरात ठेवणार नाही, तिच्या हाती लागायला नको. तुम्ही मला अडवलं नव्हतंत. पंचांग मिटून तुम्ही म्हणाला होतात, "माझं हे असं. पण तू आई आहेस, तुला जायचं तर जा." आणि मला बरं वाटलं होतं, अप्पा, की एक महिना तरी तिचं रडणं ऐकावं लागणार नाही.