आधी घरच्या बोलीत

गुरुजी, मंठाळच्या शाळेत त्या दिवशी काय घडलं ते तुम्हाला पुरतं ठाऊक आहे असं तुम्ही शेवटपर्यंत धरून चाललात. मीही तसंच चालू दिलं. आज लिहायला बसले आहे.

पोलीस ॲक्शननंतरचे ते दिवस. उर्दू शाळेत मराठीचा वर्ग नुकताच सुरू झाला होता आणि आम्ही पोरं नाटकसुद्धा पाढे म्हटल्यासारखं एका सुरात वाचायचो. कंसातलं ‘रागाने’देखील मोठ्यांदा वाचायचो. तुम्ही कपाळाला हात लावायचात. “वाचायलीस का पाळणा म्हणायलीस?” असं मला एकदा सगळ्यांसमोर विचारलंत, तेव्हा मी दिवसभर रुसले होते. मग तुम्ही एक रीत काढलीत. प्रत्येकानं वाक्य आधी आपल्या घरच्या बोलीत म्हणायचं, कानडीत म्हणा, दखनीत म्हणा, आणि तोच आवाज धरून पुस्तकातलं मराठी वाचायचं. वर्गात नुसता बाजार भरायचा. पण महिन्याभरात पोरांच्या वाचण्यात जीव आला.

त्याच सुमारास अप्पांनी, माझ्या वडिलांनी, माझं लग्न कमलनगरला ठरवत आणलं. उन्हाळ्यात अक्षता आणि त्याआधीच माझी शाळा बंद. तुम्ही दुकानात जाऊन अप्पांना समजावलंत. त्यांनी तुम्हाला चहा पाजला आणि पुन्हा तागडी हातात घेतली. आमच्या कानडी घरात त्यांच्यापुढं कुणी ‘न्हाई’ म्हणत नसे, आईसुद्धा नाही. मला रात्री झोप लागायची नाही.

गावासमोर नाटक वाचायचं ठरलं तेव्हा लेकीची भूमिका तुम्ही मला दिलीत. दुष्काळात बाप लेकीला परगावी धाडायला निघतो आणि ती म्हणते, “मी जाणार नाही, बाबा.” तुम्ही मुद्दाम दिलीत का, हे विचारायचं मला कधी धाडस झालं नाही. आदल्या दिवशी मात्र तुम्ही सगळ्यांना बजावलंत, “उद्या घरची बोली मनात म्हणायची. तोंडानं फक्त पुस्तकातलं.”

मठासमोर सतरंजी अंथरलीय. पुढच्या रांगेत अप्पा बसलेत आणि त्यांच्या शेजारी कमलनगरचा पाहुणा, होणारा सासरा. माझ्या हातात नाटकाचे कागद आहेत. बापाचं काम करणारा पोरगा आपलं वाक्य वाचतो आणि थांबतो. माझी पाळी.  मी म्हणते, “ना होगंगिल्ला, अप्पा.” घरच्या कानडीत, ‘मी जाणार नाही.’

 तुम्ही खांबाशी उभे होतात, तुमचा चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला. वाटलं, आता अप्पा उठतील, हाताला धरून नेतील आणि शाळेचं तोंड परत दिसणार नाही. अप्पा माझ्याकडं बघत राहिले. मग, घरात ओसरीवर बोलावं तसं, हळूच म्हणाले, “होगब्याडव्वा.” जाऊ नको, माये. मागं कुणीतरी हसलं. पाहुण्यानं फेटा नीट केला आणि तो दुसरीकडं बघू लागला.

मी पुढचं कसं वाचलं ते आठवत नाही. संपल्यावर तुम्ही धावत अप्पांकडं गेलात. लेकराची चूक नाही, ही सवय मीच लावली, तिच्या तोंडून तसंच निघालं, असं पाहुण्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगत राहिलात. अप्पांना शब्द मागं घ्यायला तुम्ही वाट करून देत होतात. त्यांनी ती घेतली नाही. म्हणाले, “चारचौघांत बोललो गुरुजी. आता परत कसं घिऊ?”

कमलनगर मोडलं. मी शिकले, पुढं मास्तरीण झाले आणि तुमच्याच रीतीनं पोरांना नाटक वाचायला शिकवलं. भेटलात की तुम्ही दरवेळी हसून म्हणायचात, “तुझ्या सवयीनं वाचवलं तुला.” मी मान डोलवायचे. तुम्हाला त्या गोष्टीचा केवढा आनंद होता, तो मोडवेना.

हा कागद कुठं टाकणार? तुम्हाला जाऊन किती काळ लोटला. तरी सांगते, गुरुजी. तुम्ही बजावलेलं मला चांगलं आठवत होतं. मी कागदाकडं बघतच नव्हते, मी अप्पांकडं बघत होते.