चार पाइनची झाडं आणि माझं मत

प्रिय वर्नेलताई,

धाकट्या होझियाचा नमस्कार. मिलवॉकीच्या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे मिसिसिपीत सगळे ठीक. फक्त माझं डोकं महिनाभर तापलेलं आहे आणि घरात निवडणुकीचा विषय काढायला तुझ्या भावजयीने, अर्नेस्टिनने मला बंदी केली आहे. म्हणून तुझ्यापाशी ओकतोय.

आपली किओना (माझी थोरली नात, तुझंच नाक घेऊन जन्मलेली) नोव्हेंबरात शाळा मंडळाच्या निवडणुकीला उभी आहे. गावभर तिच्या पाट्या मीच ठोकल्या. तिने गेल्या वर्षी उभं राहायचं ठरवलं तेव्हाच म्हटलं, शिक्षा भोगूनही चाळीस वर्षं झाली, आता नाव नोंदवावं आणि पोरीला स्वतःच्या हाताने मत द्यावं. इस्त्रीचा शर्ट घालून कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी यादी काढली, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "होझियाकाका, ज्या गुन्ह्यांनी मत जातं ना, त्यांत लाकूडचोरी आहे हो."

"आणि नशेच्या पुड्या विकणं?"

"ते नाही."

ताई, माझ्या मागे रांगेत पत्ता बदलायला कोण उभा होता? आपला मामेभाऊ डेल्मर! दोनदा आत जाऊन आलेला, अर्ध्या गावाला नशेला लावलेला. त्याने तर तुरुंगातूनही टपालाने मत दिलंय (हे त्याने सगळ्या रांगेला ऐकवलं). आणि मी दुसऱ्याच्या रानातले चार पाइन तोडले म्हणून जन्माचा बाद! ती झाडंसुद्धा एव्हाना पुन्हा वाढून आभाळाला लागली, माझं मत काही उगवत नाही.

आता मत परत हवं तर माझ्या एकट्याच्या नावाचा कायदा करावा लागतो. हसू नकोस! दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आमदारांनी होकार द्यायचा, की होझिया टाटम आता सुधारला. गेल्या वर्षी माझं विधेयक शेवटच्या दिवशी पुढे आलं आणि माननीयांना घरी जायची घाई. कुणी नाही म्हटलं नाही, कुणी विचारलंही नाही, विधेयक तसंच पडून राहिलं. संताप होतो गं. एकोणीस वर्षं यांच्याच पोरांची शाळेची बस हाकली. पोरं माझ्या हाती देतात, मतपत्रिकेचा चिटोरा द्यायला यांचे हात थरथरतात!

यंदा ते पुन्हा मांडणाऱ्या आमदारबाई म्हणाल्या, चारित्र्याचे दाखले आणा, तेही मतदारांचेच. एक चर्चच्या पाळकांनी दिला. दुसरा डेल्मरने, विचारायच्या आत. त्यात लिहिलंय, "माणूस सज्जन आहे. फक्त झाडांपासून लांब ठेवावा." (हा कागद सरकारदरबारी जमा झाला आहे.)

शेवटी मी अर्नेस्टिनला सांगून टाकलं, खड्ड्यात गेलं ते मत. मी कुणापुढे हात पसरणार नाही. विषय संपला.

मुलाबाळांना आशीर्वाद.

तुझा,
होझिया

ता. क. – एक दाखला घरच्या माणसाचाही लागतो. शुक्रवारच्या आत पोहोचेल असा पाठव. तू तिथे इतकी वर्षं न चुकता मत देतेस, तुझ्या शब्दाला वजन आहे.

आणखी एक – आईचं छप्पर गळत होतं, मी प्रामाणिक होतो, सगळं लिही. फक्त त्या दिवशी करवतीचं दुसरं टोक कुणाच्या हातात होतं, तेवढं लिहू नकोस. पकडायला आलेल्या शेरीफला मी एकटाच होतो असं सांगितलंय. आपल्या दोघांत एक मत तरी शाबूत राहू दे.